कोटातला अज्ञात इसम

प्रति,
सुभेदार जगदाळे (निवृत्त),
सध्याचा पत्ता उपलब्ध नाही.

प्रथम घटनाक्रम आणि त्या त्या घटनेस जबाबदार असलेल्या व्यक्ती नमूद करतो, म्हणजे पुढे गैरसमजाला जागा राहणार नाही.

होळीनंतरचा पहिला मंगळवार, सकाळ. तुम्ही सोसायटीच्या बागेतल्या बाकावर बसलात आणि उठला नाहीत. जबाबदार: तुम्ही स्वतः. आदल्या संध्याकाळी आपला वाद अर्धवट राहिला होता आणि "उद्या बघू की, वकीलसाहेब," हे शब्द तुमचे होते. ज्याने तारीख मागून घेतली त्यानेच गैरहजर राहावे, हे कोणत्याही न्यायालयात खपले नसते.

तुमच्या तेराव्याच्या नंतरचा दिवस. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी चोप्रा यांनी नोटीस बोर्डावर कागद लावला, की पंपरूमशेजारच्या कट्ट्यावरचे सर्व देव हटवून तेथे विजेच्या गाड्यांचे चार्जिंग पॉइंट बसविण्यात येतील. जबाबदार: चोप्रा. दुय्यम जबाबदार: त्यांना निवडून देणारे आम्ही सर्व.

तारीख ज्ञात नाही. जग निर्माण झाले त्या सुमारास. जबाबदार: निर्माता, असल्यास. एवढी मोठी मालमत्ता उभी करून तिच्यावर आपले नाव, सही किंवा शिक्का कोठेही न ठेवणे हा मूळ निष्काळजीपणा होय. बाकीचे सगळे त्यातून उद्भवले आहे. तुम्ही, मी, तो कट्टा आणि ती कोटातली तसबीरसुद्धा.

मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी संपादकांनी माझ्याकडे तुमच्याविषयी 'चार शब्द' मागितले. जन्मगाव, नोकरी, पदके, मागे कोण असा परिवार. मी त्यांना लेखी कळविले की ही माहिती तुमच्या पेन्शनच्या कागदांत आहे, ती तेथून घ्यावी. मला तुमच्याविषयी लिहायचे नाही, मला तुमच्याशी बोलायचे आहे, आणि तुम्ही हजर नाही ही माझी चूक नव्हे.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवत असणार, कारण ती तुम्ही दर संक्रांतीला, तिळगुळाच्या आधी, सर्वांना सांगत असा आणि दर वेळी थोडी वाढवून सांगत असा. सबब मूळ प्रत येथे नोंदवून ठेवतो. मी तेव्हा दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो आणि एका मंत्रालयात कायद्यांचे मसुदे करत होतो. तुम्ही छावणीत हवालदार होता. संक्रांतीच्या दिवशी पानिपतला, काला अंबच्या रणस्मारकाला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या बसमध्ये आपण शेजारी आलो. स्मारकापाशी सर्वांनी फुले वाहिली, घोषणा दिल्या, फोटो काढले. तुम्ही मात्र रांगेतून बाहेर पडून शेताच्या कडेला गेलात, बूट काढलेत आणि तिथल्या एका दगडापुढे आडवे झालात. धुके इतके होते की मला वाटले माणूस चक्कर येऊन पडला. मी धावत आलो.

"अहो, काय झालं?"

"नमस्कार करतोय."

"कशाला? या दगडावर नंबर आहे. हा कालव्याच्या हद्दीचा दगड आहे. सरकारी आहे."

तुम्ही उठून गुडघे झटकलेत. "असेल. पण इथं एवढी माणसं पडली साहेब. त्यातलं एकही ह्या दगडापाशी पडलं नाही, असं लिहून देता?"

आयुष्यात मी हजारो गोष्टी लिहून दिल्या आहेत. ती एक देता आली नाही. परतीच्या बसमध्ये तुम्ही मला 'वकीलसाहेब' म्हणू लागलात. मी वकील नाही, मी केवळ मसुदे करतो, असे मी निक्षून सांगितले. तुम्ही विचार करून म्हणालात, "म्हंजे वकिलांना भांडायला सामान पुरवता." मागच्या सीटवरचे सगळे हसले. मी त्याच क्षणी ठरवले की या माणसाशी पुन्हा बोलायचे नाही. त्या निर्णयाची अंमलबजावणी अद्याप झालेली नाही.

पुढे निवृत्तीनंतर आपण दोघेही गाझियाबादच्या एकाच सोसायटीत, एकाच ब्लॉकमध्ये राहायला आलो. मी याला योगायोग म्हणतो. तुम्ही "योजना" म्हणायचा. योजना असेल तर योजनाकाराने संबंधितांची संमती घ्यायला हवी होती, हा माझा मुद्दा तुम्ही शेवटपर्यंत खोडला नाहीत.

आता कट्टा. मागच्या गेटबाहेर पिंपळ आहे. दर दिवाळीला इथली कुटुंबे लक्ष्मी-गणेशाची नवी मातीची जोडी आणतात आणि जुनी जोडी त्या पिंपळाखाली ठेवून येतात. घर बदलणारे लोक देवांच्या तसबिरी ठेवतात. कुणाच्या कृष्णाची बासरी मोडलेली, कुणाच्या हनुमानाची काच फुटलेली, कुणा दाक्षिणात्य शेजाऱ्याने सोडून दिलेला एक देव, ज्याचे नाव उच्चारण्याचा प्रयत्न तुम्ही प्रामाणिकपणे केलात आणि तितक्याच प्रामाणिकपणे सोडून दिलात. पावसात ते विरघळायचे, कुत्री त्यांच्यावर झोपायची. तुम्हाला हे बघवेना. भाजीच्या पिशवीतून तुम्ही एकेक देव आत आणू लागलात आणि पार्किंगमधल्या पंपरूमशेजारच्या कट्ट्यावर ओळीने मांडू लागलात. "पलटणीत माणूस मागं टाकून येत नाहीत," एवढेच तुमचे स्पष्टीकरण.

शालनवहिनींनी, म्हणजे तुमच्या पत्नीने, त्यांच्यासाठी लोकरीचे छोटे स्वेटर विणले. डिसेंबरात दिल्लीकडच्या सगळ्याच देवांना लोकर चढवतात, त्यात नवल नाही. नवल हे की रोज संध्याकाळी दिवा लावला की तुम्ही त्या देवांची 'गिनती' घेत असा. लष्करात हजेरीला हाच शब्द आहे, हे मला तुमच्यामुळे समजले. तुम्ही सावधान उभे राहून नाव पुकारायचा आणि उत्तरही तुम्हीच द्यायचा. "गणपती?" "हजर!" "लक्ष्मी?" "हजर!" "मद्रासकडचे साहेब?" "हजर!" गाडी लावायला आलेले लोक इंजिन बंद करून थांबत.

मी हरकत घेतली. कागदोपत्री घेतली. सामाईक जागा ही सर्व सभासदांची असते. तिच्यावर कोणी एकाने कितीही पुण्यवान ताबा घेतला तरी तो ताबाच. पहिल्या पत्राचा विषय होता 'सामाईक जागेतील अनधिकृत देव'. प्रत्येक पत्र चोप्रांना, प्रत माहितीसाठी तुम्हाला, आणि प्रत्येकाच्या शेवटी माझे नेहमीचे वाक्य: 'पंधरा दिवसांच्या आत लेखी उत्तर न आल्यास पुढील कारवाई करण्यात येईल.' चोप्रांनी एकाही पत्राला उत्तर दिले नाही. तुम्ही प्रत्येकाला दिलेत. आरती झाली की माझ्या दारात प्रसाद घेऊन यायचात आणि म्हणायचात, "आजचं पत्र जरा मऊ वाटलं वकीलसाहेब. बीपीची गोळी घेतली का?"

हे लक्षात घ्या, सुभेदार: मी नास्तिक नाही. लोकांनी मला तसे ठरवले, त्यात तुमचाही हात होता. नास्तिक म्हणतो की प्रतिवादी अस्तित्वातच नाही. मी तसे कधी म्हटलेले नाही. मी हरकतदार आहे. माझे म्हणणे इतकेच की जो कधी दिसत नाही, बोलत नाही, पत्ता देत नाही, त्याच्यासमोर रोज हात जोडण्याआधी त्याने निदान ओळखपत्र दाखवावे. गेटवर गॅसवाल्याला आपण याहून जास्त विचारतो.

आणि मग ती तसबीर आली. ती तुम्हाला पिंपळाखाली सापडली, लाकडी चौकटीची, जड. उन्हाने आतला चेहरा पार पुसून गेला होता. उरला होता कोटाचा गळा, एक कान आणि कपाळ असावे तिथे कुणीतरी लावलेला कुंकवाचा डाग. तुम्ही ती मधोमध ठेवलीत, गणपतीच्या उजव्या हाताला. मी चष्मा पुसून पाहिले.

"सुभेदार, हे कुणाचे तरी काका आहेत."

"असू द्या. काका असले तर काकांना नमस्कार पोचला. वाया कुठं गेला?"

"देव कोट घालत नाहीत."

"ह्या थंडीत? कुठल्या कलमात लिहिलंय?"

"प्रश्न थंडीचा नाही. तुम्हाला हे कोण आहेत हेच माहीत नाही. ज्याचं नाव माहीत नाही, रूप माहीत नाही, त्याची तुम्ही पूजा करता?"

तेव्हा तुम्ही ते वाक्य बोललात. तुमच्या चेहऱ्यावर विजयाचा लवलेश नव्हता. तुम्ही खरोखर विचारत होता. "वकीलसाहेब, अज्ञात इसमावर गुन्हा नोंदवता येतो ना ठाण्यात? मग अज्ञात इसमाला नमस्कार का करता येत नाही?"

मी त्या रात्री जेवलो नाही. माझी पत्नी सुमन म्हणाली, "सरळ सांगा ना, हरलात." मी तिला समजावले की हा युक्तिवाद सदोष आहे, फक्त दोष नेमका कोठे आहे ते शोधण्यास थोडा अवधी हवा. तो अवधी आजही चालू आहे. तेव्हापासून गिनतीत एक नाव वाढले. "अज्ञात इसम?" "हजर!" हे उत्तर तुम्ही इतरांपेक्षा जरा जोरात देत असा, मी जवळपास असलो तर आणखी जोरात.

मी एकदा तुम्हाला विचारले, "जे समजत नाही त्यावर एवढी निष्ठा कशी ठेवता?" तुम्ही म्हणालात, "पलटणीत मंदिर परेड असते. हजर राहायचा हुकूम असतो. समजायचा हुकूम नसतो." मी म्हणालो की हुकूम देणारा दिसतो तरी. तुम्ही हसलात. "कुठं दिसतो? मी एवढी नोकरी केली, जनरलसाहेब दोनदा पाहिला. तोही जीपमधून जाताना."

सगळेच असे हसण्यावारी गेले असते तर मी तुम्हाला भाबडा समजून सोडून दिले असते. पण तुमचा धाकटा भाऊ, तोही फौजेतला, बर्फात गेला ते वर्ष मला आठवते. तुम्ही गावाहून परतलात त्याच संध्याकाळी कट्ट्यावर दिवा लागलेला पाहून मला संताप आला. तुमचा नव्हे, त्याचा. मी जिना उतरून आलो आणि तुमच्या तोंडावर विचारले, "आता कुठे होता तुमचा तो? पोरं बर्फाखाली जात होती तेव्हा हा कोणत्या ड्युटीवर होता?" इतर कुणी असता तर माझी गचांडी धरली असती. तुम्ही वात सारखी केलीत.

"माहीत नाही," तुम्ही म्हणालात. "मी पण तेच विचारलं त्याला. बोलला नाही."

"आणि तरी दिवा?"

"तो आला नाही म्हणून मी पण नाही गेलो, तर मग तिथं राहिलं कोण?"

त्या दिवशी तुम्ही गिनती घेतलीत ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गिनती होती. आवाज फुटत होता, दोन नावे वगळली गेली, 'अज्ञात इसम' म्हणताना तुम्ही थांबलात. मला वाटले, आता हा माणूस मान्य करणार. तुम्ही घसा साफ केलात आणि म्हणालात, "हजर." हळू म्हणालात, पण म्हणालात. मी वर येऊन त्या आठवड्याचे पत्र लिहिले नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी दारात आलात: "पत्र नाही आलं? बरं आहे ना सगळं?"

माझ्या बायपासच्या वेळची हकिकत तुम्ही सोसायटीभर सांगितलीत. माझी बाजू कोणी ऐकली नाही. वॉर्डाच्या दारात गार्ड होता, एका पेशंटला एकच नातेवाईक हा नियम होता, आणि नियम योग्य होता. आत सुमन होती. तुम्ही चादरीत गुंडाळलेले काहीतरी काखेत मारून आलात. मी स्ट्रेचरवरून सगळे ऐकत होतो.

"सिर्फ एक अटेंडेंट अलाउड है, बाबूजी।"

"मैं बाहर बैठूँगा। इनको जाने दो।" तुम्ही चादर बाजूला केलीत.

"ये कौन हैं?"

"पेशंट के ताऊजी हैं। चल नहीं सकते, इसलिए उठाके लाया हूँ।"

गार्डने माझ्या या थोरल्या काकांच्या चौकटीत डोकावून पाहिले. चेहरा नव्हता, पण कोट होता. त्याने कोट पाहिला आणि आपोआप सावरून उभा राहिला. "दो मिनट, बस," तो म्हणाला. सुमनने तसबीर आत घेऊन माझ्या उशाशी ठेवली. खोटी माहिती देऊन संरक्षित क्षेत्रात प्रवेश मिळवणे हा काय प्रकार आहे हे तुम्हाला मी बरा झाल्यावर लेखी कळवले. तुम्ही ते पत्र कट्ट्यावर, तसबिरीपुढे ठेवलेत. "ज्याचं त्याला," म्हणालात.

त्यानंतर तुम्ही मला वारंवार एकच प्रश्न विचारलात. ती तसबीर माझ्या उशाशी होती तेव्हा मी तिला काही बोललो का? मी दर वेळी एकच उत्तर दिले: या प्रश्नाचे उत्तर देण्यास मी बांधील नाही. आदल्या संध्याकाळी, होळीनंतरच्या त्या सोमवारी, तुम्ही पुन्हा विचारलेत. मी पुन्हा तेच सांगितले. तुम्ही म्हणालात, "उद्या बघू की." हा तो अर्धवट वाद. यावर मी शेवटी येतो.

आता चोप्रांची नोटीस. तिच्यासोबत त्यांनी जोडपत्र म्हणून काय लावले असेल? माझी पत्रे. सगळी. 'फ्लॅटधारकाच्या वारंवार तक्रारींची दखल घेऊन' असे लिहून. इतकी वर्षे ज्या माणसाने माझ्या एकाही पत्राची पोच दिली नाही, त्याने तुम्ही गेल्यावर माझी प्रत्येक ओळ मान्य केली! मी तडक त्यांच्या घरी गेलो. ते चहा पीत होते.

"देखिए अंकलजी," ते गोड हसून म्हणाले, "हम तो आप ही की डिमांड पूरी कर रहे हैं।"

सुभेदार, मला त्या क्षणी जो राग आला त्याचा मसुदा अजून तयार नाही. ती पत्रे मी तुमच्याशी भांडण्यासाठी लिहिली होती. तुमच्या पाठीमागे वापरण्यासाठी लिहिली नव्हती. प्रतिवादी हजर असताना जी तक्रार आहे ती प्रतिवादी गेल्यावर चोरी होते. हे मला कोणत्याही कायद्यात सापडले नाही, परंतु ते असायला हवे, आणि माझ्या हाती मसुदा असता तर असते.

मी सर्वसाधारण सभेची मागणी केली. रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये सभा झाली. मी उभा राहिलो तेव्हा हॉलमध्ये खसखस पिकली, कारण पुढच्या टेबलावर माझीच पत्रे माझ्याच विरुद्ध रचून ठेवली होती. मी म्हणालो की या देशाचा कायदा देवाच्या मूर्तीला एक व्यक्ती मानतो, मालमत्ता धारण करू शकणारी व्यक्ती. मात्र स्वतः बोलू न शकणारी, म्हणजे कायम अज्ञान, लहान मुलासारखी. लहान मुलाच्या वतीने जसा कोणी मोठा माणूस उभा राहतो, तसा देवाच्या वतीनेही राहता येते. सबब या कट्ट्यावरच्या सर्वांच्या वतीने मी उभा आहे, आणि त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्यांना बेदखल करता येणार नाही.

"आप?" चोप्रा म्हणाले. "आप तो मानते ही नहीं हैं, अंकलजी!"

"वकिलाला अशिलाला मानावं लागत नाही, चोप्राजी. उभं राहावं लागतं." हे मी हिंदीत म्हणालो, पण येथे मराठीत देतो, कारण मूळ विचार तुमचा होता. तुमचे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडताना मला ऐकू आले. शालनवहिनी तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता; हसत होत्या की काय ते कळेना.

मग चोप्रांनी हुकमाचा पत्ता टाकला. तसबीर उचलून सर्वांना दाखवली. "चलो, गणेशजी समझ में आते हैं। पर ये कौन-से भगवान हैं? इन्होंने तो कोट पहना है!"

हॉल हसला. तीच हरकत माझी होती, तेच शब्द माझे होते, आणि दुसऱ्याच्या तोंडून ते मला इतके उथळ वाटले की मी लाजेऐवजी संतापाने लाल झालो. मी म्हणालो, "अज्ञात व्यक्ति के खिलाफ एफआयआर हो सकती है कि नहीं?" चोप्रा म्हणाले, हो सकती है. "तो अज्ञात व्यक्ति को नमस्ते क्यों नहीं हो सकती?" आणि ते गोंधळले आहेत तोच पुढे विचारले, की मागे त्यांच्या मुलीच्या व्हिसाची मुलाखत होती त्या सकाळी ते स्वतः चपला काढून याच कोटासमोर डोळे मिटून उभे होते, ते कोणत्या हैसियतीने? सेक्रेटरी म्हणून की भक्त म्हणून? साक्षीदार शालनवहिनी आहेत, बोलावू का?

चोप्रांचे कान तांबडे झाले. व्हिसा मिळाला होता, हे सगळ्यांना माहीत होते.

मागून कुणीतरी आजीबाई म्हणाल्या, "अरे छोड़ो ना यार, सूबेदार साहब की चीज़ है।" खूप वेळ कुजबुज झाली. शेवटी ठराव झाला तो चोप्रांनीच मांडला. गडी वाईट नाही, फक्त सेक्रेटरी आहे. ठराव असा: ही तसबीर कोणाची आहे याचा शोध घेण्यासाठी जाहीर नोटीस देण्यात यावी. संबंधित व्यक्तीने पुढे येऊन आपली ओळख सांगावी. तोपर्यंत कट्ट्यावरचे सर्व देव, स्वेटरसह, जैसे थे. नोटिशीचा मसुदा अर्थातच माझ्याकडे आला.

म्हणजे पाहा. जोवर तो उत्तर देत नाही तोवर दिवा लागेल. ज्या दिवशी तो बोलेल त्या दिवशी प्रकरण निकालात निघेल आणि तिथे गाड्या चार्ज होतील. सभेतल्या कोणालाही हे विचित्र वाटले नाही. मलाच वाटले, आणि घरी येताना जिन्यावर मी एकटाच मोठ्याने हसलो. ज्याच्यावर मी इतकी वर्षे गप्प बसल्याचा आरोप ठेवला, त्याच्या गप्प बसण्यावर आता माझा सगळा बचाव उभा आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आता कळलं तो का बोलत नाही?" आणि मी म्हणालो असतो की हा पुरावा होत नाही.

दिवा मी लावतो. वात नीट होत नाही, पहिल्या दिवशी तूप सांडले, गणपतीच्या स्वेटरला डाग पडला. काल वहिनी खाली आल्या.

"भाऊजी, दिवा लावता ते ठीक. पण गिनती घेत नाही तुम्ही. हे कावतील."

"वहिनी, मला ते जमणार नाही. मी तत्त्वतः..."

"तुम्ही नावं घ्या. 'हजर' मी म्हणते."

मग मी उभा राहिलो. सावधान नव्हे, गुडघ्यामुळे जमत नाही. गणपती, लक्ष्मी, बासरी मोडलेले कृष्ण, मद्रासकडचे साहेब. वहिनी पार्किंगमध्ये घुमेल अशा आवाजात "हजर" म्हणत होत्या. "अज्ञात इसम?" मी म्हणालो. "हजर," त्या म्हणाल्या, आणि मी यादी संपली म्हणून थांबायला हवे होते. पण जीभ सवयीच्या बाहेर गेली.

"सुभेदार जगदाळे?"

पंपाची मोटर चालू होती. वहिनींनी पदर खोचला.

"छुट्टी," त्या म्हणाल्या.

लष्करात रजेवरच्या माणसाच्या नावापुढे असेच म्हणतात, हे मला ठाऊक होते. तुम्हीच सांगितले होते.

आता तुमचा प्रश्न. उत्तर देण्यास मी आजही बांधील नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. हे उत्तर स्वेच्छेने देत आहे. त्या सकाळी मला आत नेण्यापूर्वी सुमन फॉर्मवर सही करायला गेली होती. तुम्ही बाहेर होता. उशाशी तो कोट होता. प्रार्थना मला येत नाही. मी आयुष्यभर ज्याच्यापुढे हरकती मांडल्या त्याच्याशी दुसऱ्या कोणत्या भाषेत बोलावे ते सुचेना. मी दोनच शब्द बोललो. मी म्हणालो, "हरकत नाही."

एवढेच. तुम्ही हयात असताना हे सांगितले असते तर तुम्ही सोसायटीत पेढे वाटले असते, म्हणून सांगितले नाही. आता वाटा कुठे वाटायचे तिथे.

राहता राहिली नोटीस. ज्याचा पत्ता माहीत नाही त्याला वर्तमानपत्रात किंवा अन्य प्रकाशनात नोटीस देता येते आणि ती त्याला मिळाली असे मानले जाते. ठरावातल्या शोधाबरोबर माझ्या वतीनेही काही विचारतो. या स्मरणिकेत ती देत आहे, आणि बोर्डावरही लावीन.

जाहीर नोटीस. पंपरूमशेजारच्या कट्ट्यावर कोट घालून, चेहरा न दाखवता बसलेल्या इसमास, मग तो देव असो, कुणाचे काका असोत, अथवा दोन्ही असोत, याद्वारे कळविण्यात येते की: आपण कोण आहात, ते सांगावे. सुभेदार जगदाळे यांनी इतकी वर्षे रोज संध्याकाळी आपल्या नावे दिलेली हजेरी आपणास पोचत होती किंवा कसे, ते सांगावे. त्यांचे धाकटे बंधू बर्फात होते तेव्हा आपण कोठे होता, हेही सांगावे. हा प्रश्न सुभेदारांनी आपणास विचारला होता आणि तो प्रलंबित आहे. आणि रजेवर निघालेला आमचा माणूस आपल्याकडे सुखरूप दाखल झाला की नाही, हे अवश्य सांगावे. उत्तर खाजगीत दिल्यास ग्राह्य धरले जाणार नाही. बंधूंविषयीचा प्रश्न सोडल्यास सुभेदारांना ते खाजगीत मिळत असे, असे ते म्हणत, आणि बाकीच्या सोसायटीला त्याचा काही उपयोग झाला नाही. सबब उत्तर सर्वांसमक्ष, जाहीरपणे द्यावे.

मुदत ठेवलेली नाही.